कालिंदीचा भोंगा

४ नोव्हेंबर १९९४

आलो एकदाचा. माणूस एक आणि पसारा वरातीचा, असं जीपवाला म्हणाला ते खोटं नाही. ट्रंक, वळकटी, स्टोव्ह, हत्यारांची पेटी, मीनाक्षीचा फोटो. बायको गेल्यापासून आणि चिकलठाण्याचा कारखाना सुटल्यापासून घरात नुसती घड्याळाची टिकटिक ऐकत होतो. पैठण रस्त्याला आत, धरणावर पर्यटकांची बोट निघतेय, इंजिन चालवणारा हवाय, असं कळलं तेव्हा पगार न विचारता हो म्हणून टाकलं.

बोट पाहिली आणि प्रेमातच पडलो. कालिंदी तिचं नाव. बुटकी, रुंद, पुढून नाकाला दणदणीत. धरण बांधताना दगडांचे तराफे ओढून न्यायची. पुढं कितीतरी वर्षं गाळात पडून होती. आता ठेकेदारानं उचलून आणलीय आणि प्रवाशांसाठी बाकडी ठोकलीत. इंजिन म्हातारं आहे, पण खोड मजबूत. आमचं जमेल.

१० नोव्हेंबर

काम झालं. बोटीच्या पोटावर मी स्वतः पांढरा पट्टा मारला. बोट रिकामी असली की तो पाण्यावर चार बोटं राहतो. शेडमध्ये पोत्याखाली तिचा जुना पितळी भोंगा सापडला. चिंच लावून घासला, सोन्यासारखा निघाला, आणि जागेवर बसवला. बद्रीनाथ, म्हणजे आमचा दोरवाला, हे सगळं लांबून बघत होता. मला वाटलं मदत करायची नाही म्हणून तोंड पाडलंय.

१३ नोव्हेंबर

रविवार. पहिली फेरी भरून गेली. मी सुकाणू धरून तोंडानं अखंड चालू होतो. इतकं बोलायला मिळालं की घसा बसला.

मधे एका जागी बद्रीनाथनं इंजिन बंद करायची खूण केली. बोट आपसूक वाहत राहिली आणि त्यानं पाण्याला हात जोडले. खाली जुनी निंभोरी आहे, त्याचं गाव. पाणी चढलं त्या साली हीच बोट शेवटची घरं न्यायला येत होती. भोंगा तीनदा वाजला की असेल तसं गाठोडं उचलून काठावर यायचं, असा रिवाज ठरला होता. शेवटच्या फेरीत बोट भरली. उरलेल्यांना सांगितलं, परत येतो, भोंगा ऐकला की या. त्या रात्री वारं सुटलं, पाणी वाढलं, आणि परत कुणी गेलंच नाही. बद्रीनाथ लहान होता, त्याला बोटीत बसवलं होतं. त्याची आई चतुराबाई जातं घ्यायला मागं थांबली होती.

एवढं सांगून तो म्हणाला, "साहेब, कुठंबी वाजवा. हितं भोंगा नाय वाजवायचा."

मी बरं म्हणालो.

१७ नोव्हेंबर

एकही प्रवासी नाही. बद्रीनाथ मुकुंदवाडीला बहिणीकडं गेलाय. धक्क्यावरची चहाची टपरीसुद्धा बंद. एकटा जीव सदाशिव म्हणत दुपारी कालिंदीला घेऊन निघालो.

निंभोरीवर आलो. पाणी आरशासारखं, चहूकडं चिटपाखरू नाही. मी भोंगा तीनदा ओढला. आवाज किती लांब जातो ते बघायचं होतं, असं लिहिणार होतो. खरं म्हणजे कुणीतरी ऐकावं असं फार वाटलं. काही झालं नाही. पाणी होतं तसंच राहिलं.

१८ नोव्हेंबर

सकाळी पांढरा पट्टा पाण्याला टेकलेला. बोटीच्या पोटात उतरून पाहिलं, खडखडीत कोरडं. गळती नाही. मागची दोन बाकडी तेवढी ओली होती, आणि खाली ओल्या ज्वारीचा वास.

२१ नोव्हेंबर

पट्टा दिसत नाही. रिकाम्या फेरीत इंजिन धापा टाकतं, भरली बोट चढावर नेल्यासारखं. बद्रीनाथनं धक्क्यावरूनच बोटीकडं पाहिलं आणि मला विचारलं, वाजवलात का. मी हो म्हणून मान हलवली. तो मटकन खाली बसून रडला. आई आली असंल, म्हणाला. पण चढला नाही. दोर तिथंच टाकून गेला.

खरं सांगतो, भीती वाटायच्या आधी बरं वाटलं. पाठीमागं कुणीतरी बसलंय. मी मोठ्यानं धरणाची माहिती सांगत गेलो. बांगड्या वाजल्या. खोकला आला कुणालातरी.

२४ नोव्हेंबर

सगळी बाकडी ओली. फळीवर जात्याचा गोल ठसा, चिखलाचा. धक्क्याला लावून मी हात जोडले, उतरा म्हणालो, तुमचं गाव आता वर माळावर वसलंय, उतरा. बोट तसूभरही वर आली नाही.

ते उतरत नाहीत. कुणाची तरी वाट पाहताहेत.

२६ नोव्हेंबर

भोंगा काढून टाकला. शेडमध्ये पोत्याखाली ठेवला, वर दगड. ठेकेदाराला निरोप धाडला, मी सोडतोय. जीप उद्या येईल.

संध्याकाळी भोंगा वाजला. तीनदा. पाण्यावरून.

२७ नोव्हेंबर

जीप नाही. रस्त्यावर पाणी आलंय म्हणे — या दिवसांत पाणी? पाऊस कुठं झालाय?

बद्रीनाथ लांब माळावरून हात करत होता. बोलावत होता की नको म्हणत होता, कळलं नाही. निघालो तर सगळीकडं गुडघाभर —

परत धक्क्याजवळच्या माझ्या खोलीत. माझी वळकटी बांधलेली. मी बांधली नाही. स्टोव्ह, हत्यारं, मीनाक्षीचा फोटो, सगळं चादरीत घालून दाराशी गाठोडं. गाठ बायकी हाताची, नीट मारलेली.

आता कळलं. एक घर राहिलंय म्हणून थांबलेत.

दुपार

पाणी उंबऱ्याला. कालिंदी धक्क्यावर नाही. खिडकीखाली आहे. इंजिन बंद, तरी —

बाकड्यांवर सगळे पाठमोरे. मधे एक जागा कोरडी. एवढ्या माणसांत एकच.

नाही जाणार. दाराला ट्रंक लावलीय.

भोंगा. एक.

मीनाक्षी, घरात खूप शांत होतं गं, एवढंच —

दोन.

कुणीतरी दार वाजवतंय, हळू, शेजारीण वाजवते तसं. म्हणतेय, चला भाऊ, लई येळ झाला. जागा धरलीया तुमची. एकलं कशाला ऱ्हायचं —

ट्रंक मीच सरकव