अकराच्या लाटा दहा वाजता

ती. साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा कमरेतून वाकून नमस्कार. (कमरेतून म्हणजे सध्या जेवढं वाकता येतं तेवढाच. सोमवारी ओल्या फरशीवर धावलो, तेव्हापासून कंबर धरली आहे. का धावलो ते पुढे येईलच.) तुमची प्रकृती उत्तम असणार, ती नेहमी असतेच. ताईंचीही उत्तम असेल. नव्या घराचा जिना चढायला सोपा असेल, खिडकीतून झाडं दिसत असतील आणि तुमच्या नव्या पोहण्याच्या तलावावरचा कॉम्प्युटर आपली वेळ आपणच दुरुस्त करत असेल. हे सगळं मला रोज जेवताना सांगितलं जातं, त्यामुळे वेगळं विचारत नाही. इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत, फक्त त्यातल्या एकाला दात नाहीत.

सासऱ्यांना स्वतःचे दात तसे आधीही नव्हते. कवळी होती, ती तलावाच्या गाळणीत सापडली, दोन तुकड्यांत. नवी होईपर्यंत ते सूप पितात आणि कमी बोलतात. मात्र "थोरले जावई" हे दोन शब्द त्यांना दातांशिवायही अगदी स्वच्छ उच्चारता येतात. कसे, ते मला अजून उमगलेलं नाही.

हे पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहितो आहे. तेच टेबल, जे डुगडुगतं म्हणून तुम्ही दर भेटीत चहाचा कप हातात धरून बसायचात आणि "एकदा येऊन बघायला हवं" म्हणायचात. कळवायला आनंद होतो की ते आता तसूभरही हलत नाही. मी स्वतः डोकं चालवून त्याचा बंदोबस्त केला, कुणाला काही न विचारता. (तुमच्या मेहुणीने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तेच तुम्ही केलं असतंत तर शेजारच्या बाईंना बोलावून टेबल दाखवलं असतं.) न विचारता हे मुद्दाम लिहिलं. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, आणि या चौदा वर्षांत माझ्या बायकोने मला सर्वांत जास्त वेळा म्हटलेलं वाक्य "भाऊजींना विचारा ना" हे आहे. नळ गळतोय, भाऊजींना विचारा. कुलूप अडकलं, भाऊजींना विचारा. एकदा मला ताप आला होता तेव्हाही तिने हेच म्हटलं, आणि तुम्ही डॉक्टर नाही हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मी त्याच वेळी मनाशी ठरवलं होतं, प्राण गेला तरी या माणसाला काही विचारायचं नाही. आता तुम्हाला राग येईल, पण खरं ते खरं. मला तुमचा हेवा वाटतो. फार वर्षं वाटतो.

तलावावरच्या नोकरीतही तेच. तिथे तुम्हाला सगळे "मोठे" म्हणायचे आणि मला "दुसरे". तुम्ही गेल्यावर मला वाटलं होतं की आता बढती मिळेल. पण तुम्ही जाऊन पाच महिने झाले, आता तलावावर मी एकटाच आहे, तरी मी दुसराच. पंपाचा आवाज आला की "मोठे असताना येत नव्हता". पाणी गार लागलं की "मोठे असताना लागत नव्हतं". (लागत होतं. मी स्वतः आठ वर्षं मोजलं आहे.) आणि या सगळ्याच्या वर तुमचा तो कॉम्प्युटर. पंपांच्या खोलीतला, पिवळा पडलेला, पंख्याचा घरघराट करणारा. पाण्यात लाटा उठवणारं यंत्र त्याच्याच घड्याळावर चालतं, आणि लाटांचा प्रोग्राम दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर चालत नाही, म्हणून तो बदलताही येत नाही. वर्षातून दोनदा, सरकार जेव्हा उजेड वाचवायला सगळ्यांची घड्याळं तासभर पुढे किंवा मागे करायला लावतं, तेव्हा तुम्ही रविवारी, तलाव बंद असताना, त्या खोलीत जायचात, आतून दार लावून घ्यायचात आणि दहा मिनिटांनी हात पुसत बाहेर यायचात. हात का पुसायचात? घड्याळ बदलताना हात खराब होतात का? पण व्यवस्थापिका बाई दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणायच्या, मोठे आहेत म्हणून आपली वेळ बरोबर आहे. आठ वर्षं हे वाक्य मी पाण्याच्या बादल्या हातात घेऊन ऐकलं.

तेव्हा या वसंतात पहिल्यांदा माझी पाळी आली. सरकारी तारखेच्या रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. तुमच्या मेहुणीने दारातच विचारलं की भाऊजींना एकदा विचारून घ्यायचं का. मी नुसता बूट जोरात घातला. खोलीत गेलो, आतून दार लावून घेतलं, घड्याळ एक तास पुढे केलं. झालं. काम चाळीस सेकंदांचं! तरी मी दहा मिनिटं आत बसून राहिलो आणि मग हात पुसत बाहेर आलो. (बाहेर कुणी नव्हतं, रविवार होता. तरी पुसले.) खोलीला कुलूप घालून किल्ली खिशात ठेवली, अगदी तुमच्यासारखी. सोमवारी लाटा बरोबर अकराला सुटल्या. दहाचा ज्येष्ठांचा व्यायाम शांतपणे पार पडला. बाई म्हणाल्या, वा, दुसऱ्यांनाही जमलं की. त्यातला तो "ही" मला झोंबला, पण तीन आठवडे मी हवेत होतो. घरी जेवताना मी चमच्याने हवेत घड्याळ काढून समजावून सांगायचो. सासरे ऐकायचे आणि म्हणायचे की थोरल्या जावयांनी तुम्हाला चांगलं तयार केलं.

तीन आठवड्यांनंतरचा सोमवार. दहाचा वर्ग नुकताच सुरू झाला होता. अकरा ज्येष्ठ मंडळी छातीएवढ्या पाण्यात फोमच्या लांब नळ्या काखेत धरून तरंगत होती, त्यात आपले सासरे सर्वांत पुढे. आणि भोंगा वाजला. लाटा सुटायच्या आधी वाजतो तो. व्यायामाच्या शिक्षिकेला वाटलं की आग लागली, तिने सगळ्यांना शांत राहायला सांगितलं, आणि ही सूचना संपायच्या आत पहिली लाट आली. मी काठावरून धावलो. इथे माझ्या कमरेचा संबंध येतो. पडल्या पडल्या पाहिलं तर सासरे नळीसकट वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले, आणि तिसऱ्यांदा वर गेले तेव्हा त्यांनी तोंड उघडलं होतं. कवळीने त्या क्षणी घर सोडलं. मी रांगत खोलीपाशी गेलो, किल्ली शोधली, दार उघडलं, लाटांचा लाल खटका दाबला. एकूण चार मिनिटं गेली. कुणालाही काहीही लागलं नाही, माझ्याशिवाय.

कॉम्प्युटरवर अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. भिंतीवर दहा वाजून चार. आणि पडद्याच्या मधोमध एक चौकोन उघडा होता, त्यात अतिशय नम्रपणे लिहिलं होतं की उन्हाळी वेळेनुसार मी तुमचं घड्याळ पुढे केलं आहे, कृपया तपासून पाहावं. खाली "ठीक" असं एकच बटण. दुसरं काही म्हणायची सोयच नाही! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सरकारने कधीतरी ही तारीख तीन आठवडे अलीकडे आणली. ते सगळ्या देशाला कळवलं, पण हा कॉम्प्युटर त्याच्याही आधीचा. त्याला कुणी कळवलंच नाही. तो बिचारा जुन्या तारखेची इमानाने वाट पाहत बसला आणि रविवारी आपलं कर्तव्य करून मोकळा झाला, मी तीन आठवड्यांपूर्वी ते केलेलं असताना. पडद्यावरची "वेळ आपोआप बदला" ही खूण काढायला गेलो तर परवलीचा शब्द मागतो, आणि तो शब्द ज्यांनी घातला ती कंपनी केव्हाच बुडाली. म्हणजे तुम्हाला हे सगळं माहीत होतं. म्हणजे तुम्ही दोनदा नाही, आणखीही कधीतरी गुपचूप येत होतात.

बाईंनी कारण विचारलं. मी विजेचा दाब कमीजास्त झाला असं सांगितलं. बाई बराच वेळ माझ्या कानांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ज्येष्ठांची तक्रार येणार आणि माझी नोकरी जाणार. दोन दिवसांनी खरंच अर्ज आला, अकरा सह्यांचा. त्यात लिहिलं होतं की इतकी मजा गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती, तरी दर सोमवारी चार मिनिटं लाटा सोडाव्यात, आणि ही सोय जाण्यापूर्वी करून ठेवल्याबद्दल "मोठे" यांचे मनःपूर्वक आभार. साडूभाऊ, मी तो कागद तीनदा वाचला. चूक मी केली, पडलो मी, कंबर माझी गेली आणि आभार तुमचे! माझी स्वतःची चूकसुद्धा माझ्या नावावर राहू शकत नाही. अर्जावर पहिली सही सासऱ्यांची होती.

म्हणून विचारतो, आणि हे विचारणं म्हणजे विचारणं नव्हे, हा जाब आहे. जाताना स्टेशनवर तुम्ही गाडीच्या खिडकीतून सगळ्यांकडे पाहून हात हलवलात. पंपात तेल घालायची आठवण केलीत, तोट्यांबद्दल बोललात, हवेबद्दल बोललात. पण या दुसऱ्या तारखेबद्दल तोंडातून एक अक्षर काढलं नाहीत. मी फसावं अशीच इच्छा होती ना? स्पष्ट लिहा. मला वाईट वाटणार नाही. (वाटेल.) ताईंना नमस्कार सांगा.

आपला,
दुसरा

ता. क. : पत्र खरं ज्यासाठी लिहिलं ते लिहायचं राहिलं. पानगळीत घड्याळं मागे करायच्या वेळी बाई तुम्हाला दोन दिवस बोलावणार आहेत, तलावाचे पाहुणे म्हणून. पुढच्या आठवड्यात फोन येईल. कृपया नाही म्हणा. पाठ दुखते असं सांगा, तेवढं चालेल, फार गंभीर काही सांगू नका, नाहीतर इथे सगळे काळजीत पडतील आणि जेवताना तोच विषय. मला ते एकट्याने करून दाखवायचं आहे. इतकी वर्षं मी तुमच्याकडे काही मागितलं नाही, हे मागतो.

ता. क. २ : पत्र टाकायचं राहिलं होतं, त्यामुळे दोन दिवसांनी हे लिहितो आहे. काल तुमच्या मेहुणीने सहज विचारलं की भाऊजींनी स्टेशनवर तुम्हाला पाकीट दिलं होतं, त्यात काय होतं हो? मी म्हणालो, उपदेश. ती म्हणाली, वाचलंत? आता काय लपवायचं. मी ते उघडलं नव्हतं. तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी चार घड्या घालून टेबलाच्या डाव्या पायाखाली सरकवलं होतं. माझं डोकं चालवून केलेला बंदोबस्त तो हाच. काल बाहेर काढलं. अक्षर हलतंय ते म्हणून, टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं आहे.

वाचलं. चार तारखा, लाल शाईत. दोन रविवार सरकारचे, दोन मशीनचे. सरकारच्या दिवशी बदलायचं आणि मशीनच्या दिवशी त्याने केलेलं मुकाट्याने परत फिरवायचं. आणि खाली तुम्ही लिहिलंय की तारखा बदलल्या त्या पहिल्या वर्षी तुमच्याकडूनही लाटा सुटल्या होत्या, वरचे साहेब बुटांसकट उथळ काठावर भाषण करत असताना, आणि तुम्ही विजेचं कारण सांगून सुटलात. "तुम्ही मात्र काही झालं तर खरं सांगा. तुम्हाला खोटं जमत नाही, पहिल्याच वाक्याला कान लाल होतात." हे वाचून मी आरशापाशी जाऊन कान पाहिले. मग आज सकाळी बाईंकडे जाऊन सगळं खरं सांगितलं. बाई हसल्या, म्हणाल्या, म्हणजे लाटा तुमच्या होत्या तर, आणि अर्जातलं "मोठे" खोडून वर पेनाने "दुसरे" लिहिलं. नोकरी आहे. सोमवारच्या चार मिनिटांनाही परवानगी मिळाली, फक्त कवळ्या काढून ठेवायच्या. तेव्हा वरचा जाब रद्द समजावा. पाठ दुखवून घेऊ नका. फोन आला की हो म्हणा आणि या. पानगळीचे दोन्ही रविवार मीच करीन, तुम्ही बाहेर बादली धरून उभे राहा.

ता. क. ३ : कागद पाठीमागून कोरा आहे असं मला वाटलं होतं. आता उलटून पाहिलं. तिथे बारीक अक्षरात तुम्ही लिहिलं आहे, "वाचून झाल्यावर पाकीट फेकू नका, तुमच्या टेबलाच्या डाव्या पायाखाली घाला, चार घड्या बरोबर पुरतात." साडूभाऊ, तुम्ही आलात की टेबलाबद्दल कुणासमोर एक शब्द बोलायचा नाही. मी ते डुगडुगतंच ठेवलं आहे.