लाडूवाले आणि नंतरवाले

५ जानेवारी, सोमवार

सिंदी मेघेहून पहिल्या बसनं निघालो. मांडीवर लाडवांचा डबा. बचतगटाच्या बायांनी काल वळलेले, शेंगदाणा, गूळ, तीळ, जवस. अख्ख्या बसमध्ये वास. शेजारचे बाबा म्हणाले, "लगन हाय का कोणाचं?" म्हटलं, संशोधन हाय. हिंगणघाट येईपर्यंत मधूनमधून हसत होते.

आठवडाभर मुक्काम वडनेरला, सायकलच्या दुकानावरची खोली. शाळा तिथून पुढं, हरभऱ्याच्या शेतांमधून.

दुसरा महिना सुरू. एकाच कामावर. आई फोनवर म्हणे, "तब्येत बरी हाय ना तुझी?" तिचंही बरोबर. नाशकातली द्राक्षं सोडून आलो, सुरत सोडून आलो, बी.ए. तर अर्ध्यातच राह्यलं. पण इथं मन लागून राह्यलं. काऊन ते माहीत नाही.

६ जाने.

आज तनूनं मला लाडू खाऊ घातला.

आधी कामाचं लिहून ठेवतो, नाहीतर मीच विसरीन. तिसरी-चौथीच्या सगळ्या पोट्ट्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. अर्धे लाडूवाले, त्यांना रोज एक. अर्धे नंतरवाले, त्यांना पुढच्या सत्रात. आईबापांना विचारून सगळं. सुरुवातीला बोटातून रक्त तपासलं, उंची-वजन घेतलं, गणितं सोडवून घेतली. शेवटी पुन्हा तेच करायचं. लाडूवाल्यांचं रक्त वाढलं, गणित सुधारलं असं दिसलं, तर मृणालताई वर सांगणार की सगळ्याच शाळांत लाडू द्या. नाही दिसलं, तर डबा बंद. नंतरवाल्यांचा एकदा देऊन झाला की तोही बंद. हे सगळं मृणालताईच्या डोक्यातलं. ती पुण्याची, वर्ध्याला संशोधनाला आली आहे. मी फक्त डबा नेतो, वाटतो आणि लाडू पोटात गेला की नावापुढं खूण करतो.

तर तनू लाडूवाली. तिची मैत्रीण खुशी नंतरवाली. दोघींच्या घराची भिंत एक. तनूनं लाडू झग्याच्या टोकात गुंडाळला, वरून कचकन चावला. दोन तुकडे. एक खुशीला. उरल्यातला बारका माझ्यासमोर धरला, "घ्या सर, चिमणीच्या दातानं तोडला. उष्टा नाई."

खाल्ला. मस्त होता. लहानपणी आम्हीही असेच पेरू तोडायचो. उष्टं चालत नाही, पण मधे कापड असलं की चालतं. दात चिमणीचे होतात.

तनूपुढं खूण केली. मग पेन हातातच राह्यलं.

८ जाने., गुरुवार

काल-आज नुसतं पाहत बसलो. सगळेच करतात. झग्यात, शर्टात, एकानं तर रुमाल आणला खास. घंटा झाली की वऱ्हांडाभर कचकच आवाज. लाडूवाला अर्धा खातो, नंतरवाला अर्धा खातो. मी महिनाभर खुणा करत होतो आणि हे समोर चाललं होतं. कसं दिसलं नाही? दिसलं असंल. हाताला हात लागतात, त्यात काय पाहायचं, असं वाटलं असंल.

खिचडी शिजवणाऱ्या वच्छलामावशीला विचारलं. ती म्हणे, "मीच सांगतलं त्याहिले. एकीनं खावं अन् दुसरीनं तिच्या तोंडाकडं पाहावं, असं चालते का बाप्पा? तुमच्या घरी चालते?"

"नाई चालत."

"मंग?"

मंग काय. तांदूळ निवडू लागलो तिच्यासोबत.

९ जाने.

तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर बसून डोकं लावलं. दोघांनीही अर्धा अर्धा खाल्ला तर दोघंही सारखेच वाढतील. मृणालताई शेवटी दोन गट शेजारी ठेवणार, फरक काढणार. फरक निघणार नाही. कागद म्हणेल, लाडवानं काही होत नाही. आणि होत तर असंल! खुशी आता दोरीवरच्या उड्या मारताना बसत नाही मधे. पण ते कुठं मांडणार. पोट्ट्यांनी वाटून खाल्लं म्हणून पोट्ट्यांचाच लाडू जाणार.

हे डोक्यात बसायला मला दोन दिवस लागले. गणितात मी पहिल्यापासून असाच.

मधेच एक धनेश दिसला निंबावर, मोठ्या चोचीचा. त्याच्या मागं नाल्यापर्यंत गेलतो. परत आलो तर चप्पल कुठं काढली ते आठवेना.

११ जाने., रविवार

पवनारला जाऊन बसलो, धाम नदीच्या पात्रातल्या खडकावर. मृणालताईला फोन करायचा म्हणून गेलो, केला नाही.

पुलापलीकडं काठेवाडी गवळी उतरलेले. गाई, बाजा, पोरं, कोंबड्या सगळं गाड्यांवर. त्यातला एक माझ्याच वयाचा. म्हणे, यवतमाळकडून मग तेलंगणाकडं. "चलते हो? गाय हाकना आता है?" म्हटलं, सीख लूंगा. चहा पाजला त्यानं, नुसत्या दुधाचा. खरंच निघालो असतो. सांगायचं काम पडलं की मला नेमका रस्ता दिसतो कुठला तरी.

पण उद्याचे लाडू बायांनी वळून ठेवलेले. परत आलो. धाडस म्हणून नाही, डबा नासंल म्हणून.

१२ जाने.

स्वतःच निस्तरू म्हटलं. ताईला कळायचं कामच नाही.

लाडूवाल्यांना चौथीच्या खोलीत घेतलं, दार लावलं, कडी घातली. "इथंच खायचा. संपवूनच बाहेर." मोठ्या आवाजात बोललो. पाटील सर, हेडमास्तर, खिडकीतून पाहून गेले.

कोणी खाईना. सगळे लाडू हातात धरून माझ्याकडं पाहून राह्यले. तनूनं मूठ मिटली. म्हटलं, खा. म्हणे, "भूक नाई." म्हटलं, रोज तर असते. म्हणे, "खुशी बाहेर हाय."

"तिले नंतर भेटंल."

"मंग मीबी नंतरच खाईन."

एक बारकं रडायला लागलं, त्याला पाहून दुसरं. बाहेर नंतरवाले दाराला कान लावून. त्यांना वाटलं मी मारून राह्यलो. खुशी ओरडली, "सर, माराल तर मी मावशीले सांगीन!"

कडी काढली. कितीसा वेळ लावली असंल, पण आपण काहीतरी घाण केलं असं वाटत होतं दिवसभर. मावशीनं मला ताटात खिचडी वाढली आणि पाठ फिरवली.

खुणा केल्या नाहीत आज.

१३ जाने., मंगळवार

सांगितलं.

सुट्टी टाकून वर्ध्याला गेलो. मृणालताई संस्थेच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमधे बसून काहीतरी टाइप करत होती. उद्याच्या संक्रांतीचा तिळगूळ आजच दिला तिनं, मी तो हातात धरूनच सगळं बोललो. कडीचंही.

मला वाटलं ओरडेल. तिनं विचारलं, "सगळेच वाटतात?"

"सगळेच."

"चिमणीच्या दातांनी?"

"हो."

हसायला लागली. मग हसणं थांबलं आणि लॅपटॉप मिटला. "आम्ही बोरं तोडायचो अशी. मला कसं सुचलं नाही, निखिल? एका वर्गात अर्ध्यांना खाऊ आणि अर्ध्यांना नाही. चिठ्ठ्या मुलांच्या नाही, शाळांच्या टाकायला हव्या होत्या. या गावाला लाडू, त्या गावाला नंतर. गाव ओलांडून कोण देणार होतं?" स्वतःशीच बोलत होती. "कागदावर किती सुंदर दिसत होतं."

"खुणा मी खोट्या केल्या ना पण."

"तू लाडू वाटलास, त्यांनी घेतला, तू खूण केलीस. पाहायचं होतं मी. तिथं येऊन."

मग तिच्या सरांना फोन, पुण्याला. चादरीमागून ऐकू आलं तेवढं: हो सर... नाही सर, लहान आहेत... समजतंय मला. फोन ठेवून आली तेव्हा सांगितलं, सर म्हणतात अजून वेळ आहे. उरलेल्या दिवसांत वेगळं बसवून खाऊ घाला, दार लावा, कोणीतरी समोर उभं राहा. तेवढा तरी हिशोब वाचेल. नाहीतर ही शाळा काढून टाका.

"काढून टाका म्हणजे?"

"म्हणजे इथला डबा थांबतो. बाकीच्या शाळांतही हेच होत असेल, निखिल. म्हणजे मग सगळंच."

दार लावलं तर लाडू वाचतो. उघडं ठेवलं तर पोट्टे आज खातात, पुढं कोणालाच नाही. मी म्हटलं, मी नाही लावणार दार. ती म्हणाली, "तुला कोण लावायला सांगतंय. मी येते सोमवारी. आधी पाहते."

१६ जाने., शुक्रवार

जुन्यासारखंच वाटले लाडू. वऱ्हांड्यात. कचकच. खुणेच्या जागी आता बारीक अर्धा गोळा काढतो. ताईनं सांगितलं नाही, माझं मीच.

बरं वाटून राह्यलं. खरं सांगायचं तर गर्व वाटून राह्यला या पोट्ट्यांचा. इतक्या गावांत फिरलो, असं पाहिलं नव्हतं.

१९ जाने., सोमवार

मृणालताई आली. माझ्यासोबत बसनं, डबा तिच्या मांडीवर.

लाडू वाटायच्या आधी तिनं फळ्यावर खडूनं ठिपके काढले, प्रत्येक पोट्ट्याचा एक. लाडूवाले पिवळे, नंतरवाले पांढरे. म्हणाली, "कोणाला शिक्षा नाही. खरं सांगायचं. तू कोणाला देतोस?" जो सांगंल त्याच्या ठिपक्यापासून दुसऱ्याच्या ठिपक्यापर्यंत रेघ. पोट्ट्यांना खेळच वाटला. तनूपासून खुशी. खुशीपासून पुढं तिचा भाऊ, म्हणजे अर्ध्यातलाही अर्धा. एक जण चौघांना देतो, स्वतःला काय उरते विचारलं तर म्हणे, "वास." सगळे हसले, पाटील सरसुद्धा. फळा जाळ्यासारखा भरला. ताईच्या तोंडावर मी पहिल्यांदाच असं काही पाहिलं. मला म्हणे, "हे मोजता येतं, माहितीये? कोणापासून कोणाकडं किती गेलं, ते मांडता येतं. दोन गट विसर. पूर्ण लाडू कोणी, अर्धा कोणी, पाव कोणी... कदाचित दार लावायची गरजच नाही." खडूचा हात तसाच वर.

मग तिनं बोट ठेवलं, "ही कोण?"

कोपऱ्यात एक पिवळा ठिपका. एकही रेघ नाही.

सरिता. गावाबाहेरच्या बेड्यावरची, पारध्यांच्या वस्तीतली. दिवाळीनंतर आली शाळेत. रोज हात पुढं करते, रोज मी खूण करतो. हातावर गोंदलेलं, तेवढंच आठवते मला. ती लाडू घेऊन कुठं बसते, हे मी सांगू शकलो नसतो.

ताईनं विचारलं, "सरिता, तू कोणाला देतेस गं?"

ती उठली. "कोणाले नाई."

"एकटीच खातेस? चालेल की."

"तोडते मी. चिमणीच्या दातानं." झग्याचं टोक दाखवलं, गुळाचे डाग. "कोणी घेत नाई."

खुशी बाकावर नखानं रेघा मारत होती. तनू खाली पाहत होती. मी वच्छलामावशीकडं पाहिलं, ती दारात उभी होती पदराला हात पुसत. ती म्हणाली, "बेड्यावरची हाय ते." मग, "मी काई कोणाले नको घेऊ म्हणून नाई सांगतलं." आणि चुलीकडं गेली.

"मग अख्खा तूच खातेस? रोज?" ताईचा आवाज एकदम बारीक.

सरितानं मान हलवली.

ताई फळ्याकडं वळली. नंतर बसस्टॉपवर म्हणाली, "माझ्या सगळ्या आकड्यांत तिचा एकटीचा बरोबर आहे. जसा मला हवा होता तसा. पूर्ण लाडू, दुसऱ्या कोणाला नाही, दुसऱ्या कोणाचा नाही." मग, "दार लावलं की सगळ्यांचे तसे होतील."

शुक्रवारी मी काय लिहिलं होतं ते आठवून राह्यलं होतं.

बस आली. खिडकीतून तिनं विचारलं, "तू तिच्या हातचा घेशील?"

"घेईन ना."

"रोज घ्यायला लागेल. आणि तू घेतलास तर तिचाही आकडा गेला." बस हलली.

२० जाने.

ताईचा फोन नाही. सरांना काय सांगणार, माहीत नाही. पाटील सर विचारत होते फळा पुसू का, दुसरीला पाढे लिहायचे आहेत. म्हटलं, विचारून सांगतो.

लाडू वाटले. दार उघडंच होतं. सरिताच्या शेजारी जाऊन बसलो. तिनं लाडू तोडला, अर्धा माझ्याकडं धरला नाही. दोन्ही तुकडे मांडीवर ठेवून समोर पाहत बसली, आणि मीही मागितला नाही. वऱ्हांड्यातून तनू बघत होती. उठली, दोन पावलं आली, मग खुशीनं हाक मारली.

सरिताच्या खुणेची जागा रिकामी ठेवली आहे.