जबड्यांचं खोकं

३ मार्च
घर बघून आलो. दोनच खोल्या, पण स्वयंपाकघराला खिडकी! मी ती चारदा उघडली, चारदा लावली. घरमालकीण हसायलाच लागली.
डिपॉझिट नव्वद हजार, वीस तारखेच्या आत. जॉइंट खात्यात बावन्न. अडतीस कमी.
"बघतो मी," नवरा म्हणाला. हा 'बघतो' म्हणाला की मीच आकडे परत मांडायला बसते.

४ मार्च
आमचा नियम लग्नापासूनचा — अर्धा पगार जॉइंट खात्यात, उरलेला ज्याचा त्याचा. त्याबद्दल कुणी कुणाला विचारायचं नाही. साडेचार वर्षांत यानं एकदाही विचारलं नाही. मीच मधूनमधून "बूट केवढ्याला पडले रे?" करते आणि जीभ चावते.
माझ्या वाट्यातले महिन्याला पाचशे मी घरात लपवते. आईनं बजावलं होतं. मी तीन वर्षांची असताना ती मला कडेवर घेऊन बाबांच्या घरातून निघाली. स्टॉपवर पोचल्यावर कळलं, तिकिटापुरतेही पैसे नाहीत. परत फिरली. पुढची अकरा वर्षं राहिली.
"निघण्यापुरतं हाताशी असू दे गं. जावई सोन्यासारखा असला तरी."
लपवलेत कुठे, तर मी काम करते त्या दातांच्या दवाखान्यातल्या टाकाऊ प्लास्टरच्या जबड्यांखाली! डॉक्टरबाईंनी फेकायला दिलेलं खोकं मी घरी आणलं. हा चौदा मजले खोल लिफ्टच्या खड्ड्यात लोंबकळून काम करतो, पण ते दात बघितले की याला शहारे येतात. "ते आधी कपाटात टाक!" त्याहून सुरक्षित जागा कुठली?

८ मार्च
रविवार असून कामावर गेला. तिसरा रविवार.

१२ मार्च
मोटरसायकल विकतोय! रविवारी गिऱ्हाईक येणार.
"जुनीच झालीय गं," म्हणाला आणि तासभर पुसत बसला. आरसे, साखळी, नंबर प्लेटसुद्धा. मला तिथे उभं राहवेना. आत येऊन उगाच भांडी घासली. घासलेलीच.

१३ मार्च
आईला फोन केला, लपवलेले पैसे डिपॉझिटला काढते म्हणून सांगितलं. "ते मोडू नकोस."
म्हटलं, "आई, हा बाबा नाहीये."
मग म्हणाली, "जेवलीस का?"

१४ मार्च
तो कामावर गेल्यावर खोकं काढलं. आजवर कधी मोजले नव्हते, मोजले की खर्चावेसे वाटतात. जबडा उचलायचा, नोट सरकवायची, झाकण लावायचं. चोपन्न महिने, सत्तावीस हजार. अकरा कमी पडतील, ते बाईंकडून उचल घेईन असं ठरवलं.
मोजले — एक्केचाळीस.
परत मोजले. एक्केचाळीस! माझं गणित कच्चं आहे, पण इतकं नाही.
मग नोटा उलगडून बघितल्या. माझ्या चौघडी घातलेल्या. मधूनमधून काही गुंडाळलेल्या, खिशात ठेवतात तशा. त्यांच्या कडेला काळे ठसे. हुंगून बघितलं. ग्रीस.
तिथेच जमिनीवर बसले आणि रडले.

१५ मार्च
गिऱ्हाईक यायच्या आत सगळ्या नोटा त्याच्यापुढे ठेवल्या. एकदम कानकोंडा झाला. तुला ताप आला होता तेव्हा थर्मामीटर शोधताना दिसले, म्हणाला. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी! म्हणजे तेव्हापासून माहीत होतं.
"मी हे कशासाठी साठवत होते, कळलं होतं तुला?"
"आईंची गोष्ट तूच सांगितली होतीस की."
"मग त्यात भर कशाला घातलीस?"
"जायचं झालं तर नीट जाता यायला हवं तुला," म्हणाला. मग नखातलं ग्रीस काढत, हळूच — "पैसे नाहीत म्हणून राहिलेली मला नको होतीस."
गिऱ्हाईकाला दारातूनच परत पाठवलं. अडतीस डिपॉझिटला. तीन उरले, ते मी परत जबड्यांखाली ठेवले. खोकं त्यानं धरलं होतं — डोळे गच्च मिटून.