कप्तानाचा नकाशा

सोमवार, ३ तारीख

लागला! एकट्यानं, साडेतीन तासांत. प्रोजेक्टरचा सहा फुटी गुंडाळी पडदा, वजन एकोणीस किलो, चार भोकं, लेव्हलचा बुडबुडा बरोबर मध्यात. मुख्याध्यापिका म्हणत होत्या, "गवंडी बोलावू या का? नुसती चार इंची भिंत आहे ती." कशाला? प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलो, कॉम्प्युटर स्वतः शिकलो, कथा कशी बांधतात तेही वाचून वाचून शिकलो. चार भोकांचं काय!

परवापासून आठवीला माइंड मॅपवर कथालेखन. मुलं टॅबवर चौकटी काढणार, फांद्या जोडणार, सगळं पडद्यावर दिसणार. चौदाला बाहेरच्या पन्नास शिक्षकांसमोर प्रात्यक्षिक. मराठीचे सर — एम.ए., बी.एड.! — जिन्यात म्हणाले, "काय मिस्त्री, आता कथासुद्धा फिट करून देणार?"

बघाच म्हणावं.

बुधवार, ५

मधल्या चौकटीत 'जहाज'. तासाभरात एकेचाळीस फांद्या. गवंड्याची मुलगी पडद्याशेजारी, भिंतीलगत बसते. तिचं वेगळंच — कप्तानाच्या खोलीत भिंतीला चीर, आणि कप्तानानं तिच्यावर मोठा नकाशा टांगलाय. मी म्हटलं, "चीर केवढी? 'मोठी' हा तपशील नव्हे." लगेच चौकट आली : दोन मिलिमीटर. शाबास!

शुक्रवार, ७

आज तिच्या चौकटीत तीन. खोडलं. एकदा दोन लिहिलं की दोन.

"पण सर, ती वाढतेय."

तास संपल्यावर म्हणते, "सर, पडदा जरा वर करू?" मुळीच नाही. पडद्याला कोणी हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलंय.

सोमवार, १०

भिंतीपलीकडे बालवर्ग. त्यांची बडबडगीतं हल्ली फारच स्पष्ट येतात, शब्द न् शब्द. त्यांच्या बाईंना निरोप धाडला — आवाज कमी!

मंगळवार, ११

पाच मिलिमीटर! शिवाय नवी चौकट : 'खलाशी चिरेवर काचेची पट्टी चिकटवतो.' ही कुठून उपटली?

"बाबा असंच करतात, सर. काच तडकली की समजायचं, भिंत हलतेय."

कथेत जिचं काम नाही ती वस्तू उडवायची. उडवली. वर म्हटलं, "कप्तानाला एवढा अडाणी कशाला दाखवलास?" वर्ग हसला. ती खाली बघून म्हणाली, "अडाणी नाहीये, सर. त्याला नकाशा फार आवडतो."

बुधवार, १२

सगळ्यांचे शेवट आले. तिची चौकट कोरी. "शेवट माझ्या हातात नाही, सर." उद्धट कार्टी! परवा तिची फांदी दाखवूच नये म्हणतो.

गुरुवार, १३. संध्याकाळी पाच

भिंत पुसायला म्हणून पडदा गुंडाळला. माझ्या डाव्या भोकापासून चीर थेट जमिनीपर्यंत. तिच्यावर काचेची पट्टी — दोन तुकडे. शेजारी पेन्सिलीनं, बारीक अक्षरात : ५ ता. — २. ७ ता. — ३. ११ ता. — ५.

फूटपट्टी लावली. नऊ.

डोळा लावला. पलीकडची छोटी बाकं दिसली.

दोन्ही वर्गांना कुलूप घातलंय. मुख्याध्यापिकांच्या घरी निघालो. भोकं माझी आहेत.