मिठागराच्या बांधावरचा कोल्हा

१२ जानेवारी २०२५, रविवार

कोल्हा चावला. डाव्या पोटरीला, चार दात. टाके घातले नाहीत, असली जखम उघडीच ठेवतात म्हणे. दंडात एक इंजेक्शन. जखमेभोवती टोचली ती वेगळी.

खरं काय झालं ते इथेच लिहितो. बाहेर सांगता येणार नाही.

सकाळी साडेआठला मी आणि ऑस्कर मिठागराच्या बांधावर. भरती चढत होती, बोय मासळी लागत होती. मी गळाला कणकेची गोळी लावत होतो. कोल्हे तिथे नेहमीचेच – पलीकडच्या तिवरांच्या झाडीत दिसतात, माणसाची चाहूल लागली की पळतात. हा पळाला नाही. बांधावरून सरळ चालत आला. जबडा लोंबता, मागचा एक पाय ओढत. ऑस्कर हळूच म्हणाला, "रमेश, हलू नको."

मी हललो.

पोटरी धरली ती सोडेना. ऑस्करने काठी घातली, ती मोडली. मग त्याने दोन्ही हातांनी जबडा धरून उघडला. साठीचा माणूस, हृदयात स्टेंट घातलेला! कोल्हा खाडीत पडला आणि पोहत तिवरांत गेला.

ऑस्करच्या उजव्या अंगठ्याजवळ ओरखडा. रक्त आलं होतं. रिक्षात म्हटलं, तूही टोचून घे. तर म्हणतो, "थेरेसाला कळला तर संपलाच." दोन वर्षांपूर्वी याच चिखलात छातीत कळ येऊन तो पडला होता. तेव्हापासून खाडी बंद, असा त्याने बायकोला शब्द दिलाय. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की भावाच्या वाडीत जातो असं सांगून निघतो, आणि मला भेटतो.

हॉस्पिटलच्या दारातूनच परत फिरला. जाताना शपथ घातली – मी एकटा होतो असंच सांगायचं.

१३ जानेवारी

घरी बायकोला, वसुंधराला, तसंच सांगितलं. ती म्हणाली, "एकटा कशाला जातोस मग?"

१५ जानेवारी

दुसरं इंजेक्शन. ऑस्करला फोन केला. "साबणाने धुतला रे हात. खपली पण धरली." मी म्हटलं, खपलीचा काय संबंध. त्याने केळीच्या घडांचा विषय काढला.

१७ जानेवारी

तो कोल्हा मिठागरात मेलेला सापडला. वनखात्याची माणसं घेऊन गेली, तपासणी करणार आहेत. मला फोन करून विचारलं, सोबत आणखी कुणी होतं का?

नाही म्हणालो.

१९ जानेवारी, रविवार

तिसरं इंजेक्शन. संध्याकाळी थेरेसावहिनी बघायला आल्या, थेट त्यांच्या गिरीज गावाहून आमच्या एव्हरशाईनच्या घरापर्यंत, वेलची केळ्यांची फणी घेऊन. ऑस्कर आला नाही. वसुंधरा चहा करायला आत गेली. वहिनींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "रमेशभाऊ, एक विचारू? त्या दिवशी ऑस्कर होता तुमच्यासंगती? त्याच्या हाताला लागलंय. म्हणतो, केळीचा खुंट काढताना कोयता लागला."

मी म्हणालो, "नाही वहिनी. मी एकटाच होतो."

त्या चहा पिऊन गेल्या. केळी मी खाल्ली नाहीत.

२२ जानेवारी

रिपोर्ट आला. रेबीज.

ताबडतोब ऑस्करला फोन. सांगितलं. मागे कोंबड्या ऐकू येत होत्या. मग म्हणाला, "बरा. जातो उद्या."

२३ जानेवारी

"घेतला रे पहिला. झाला तुझा समाधान?" कुठे घेतलं विचारलं तर म्हणाला विरारला, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. अकरा दिवस उशीर झालाय. पण घेतलं तर.

अकरा दिवसांनी पहिल्यांदा नीट जेवलो.

२६ जानेवारी

माझं चौथं. ऑस्करला म्हटलं, तुझ्या कागदाचा फोटो पाठव, तारखा बघतो. म्हणाला, "पोलीस झालास का?" आणि हसला. मीही हसलो.

खरं लिहायचं तर मला तेव्हाच संशय आला होता. पण पुन्हा मागूनही फोटो आला नसता, तर वहिनींकडे जावं लागलं असतं. जाऊन सांगावं लागलं असतं, की मी तोंडावर खोटं बोललो.

९ फेब्रुवारी

पाचवं. सुटलो. ऑस्कर म्हणतो त्याचंही नीट चाललंय.

१८ फेब्रुवारी

ऑस्करचा फोन, सकाळी सकाळी. स्वतःहून. अंग तापलंय, आणि उजव्या हाताला मुंग्या येतात – अंगठ्यापासून कोपरापर्यंत. "झोपलो असेन हातावर."

मी विचारलं, "ऑस्कर, किती इंजेक्शनं घेतलीस?"

"एक पण नाय."

विरारला गेला होता. रांगेत त्यांच्या चर्चमधली एक बाई दिसली, तसाच मागे फिरला.

रिक्षा करून गिरीजला गेलो. वहिनी मळ्यात पालक काढत होत्या. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कोल्हा, जबडा, माझं खोटं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "गाडी बोलवा." एवढंच.

१९ फेब्रुवारी

मुंबईच्या हॉस्पिटलात. वेगळ्या खोलीत ठेवलंय. डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन विचारलं, चावा कधीचा? तारीख सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली आणि पेन खिशात ठेवलं.

२० फेब्रुवारी

वहिनींनी चमच्याने पाणी दिलं. ओठाला लागायच्या आत त्याचा घसा आवळला, सगळं अंग ताठलं. वहिनी चमचा तसाच धरून उभ्या. नंतर ऑस्कर शुद्धीवर होता, पूर्ण शुद्धीवर. मला म्हणाला, "तुझी पोटरी बरी झाली ना?"

मी दाखवली. पँट वर करून, त्या खोलीत. दुसरं काय करणार होतो?

२२ फेब्रुवारी

पहाटे गेला.

२३ फेब्रुवारी, रविवार

माती दिली. मी मागे उभा राहिलो. वसुंधराला आता सगळं माहीत आहे. तिने माझा हात धरला नाही, पण जवळून हललीही नाही.

२ मार्च, रविवार

थेरेसावहिनींकडे गेलो. माफी मागणार होतो, पायरीवरच थांबलो. त्यांनी बसायला पाट दिला. म्हणाल्या, "खाडीवर जातो ते मला पहिल्यापासून माहीत होतं. बोय आणायचा नि सांगायचा, बाजारातून घेतली. बाजारातली बोय जाळ्यातली, रमेशभाऊ. तिच्या ओठाला गळाचं भोक नसतं. दोन वर्षं मीच तर साफ करत होते."