उतरा म्हटल्यावर जो उतरतो

मी खाली सही करणार मानसिंग नाथाजी काटकर, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा सर्व्हिस मोटार चालवणे, राहणार म्हसवड, तालुका माण, जिल्हा सातारा, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि हाताला कंप नाही. ज्याला शंका असेल त्याने उद्या माझ्या शेजारी बसून साताऱ्यापर्यंत यावे. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावली आणि तोंड वाकडे केले, म्हणून ही व्यवस्था करतो आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालणारा माणूस माणदेशात अजून जन्मायचा आहे.

हे लिहून घेत आहेत गोपाळकृष्ण आगटे, मूळचे वाईचे, आमच्या गावात सगळ्यांचे कागद तेच लिहितात. त्यांनी आत्तापर्यंत दोनदा लेखणी थांबवून सांगितले की असल्या गोष्टी मृत्युपत्रात बसत नाहीत. बसत नसतील तर उभ्या राहतील. माझ्या मोटारीत रोज तेच चालते.

कलम पहिले, घराबद्दल. वेशीजवळचे माझे राहते घर, पुढची पडवी आणि मागची मोटार लावण्याची शेड धरून, माझी पत्नी रंगूबाई हिच्याकडे तहहयात राहावे आणि तिच्यामागे माझा मुलगा आकाराम याच्याकडे जावे. शेडीत मोटार लावण्याचा हक्क मात्र मोटारीच्या मालकाचा राहील, आणि तो मालक कोण हे पुढे येत आहे. रंगूबाईने माझे काजळीने भरलेले कपडे लढाईच्या वर्षांत, साबण औषधालाही मिळत नव्हता तेव्हा, राखेने आणि रिठ्याने धुतले. एकदाही कुरकुरली नाही असे लिहिले तर ती स्वतःच हा कागद फाडील. रोज कुरकुरली आणि रोज धुतले. तिने साताऱ्याला यायचे म्हटले की खिडकीजवळची जागा तिची. तिथे मामलेदार बसला असला तरी त्याला उठवावे.

कलम दुसरे, शेतीबद्दल. सिद्धनाथाच्या देवळाच्या वाटेवरचा कोरडवाहू तुकडा आकारामचा. त्यात बांधावर बाभळी आहेत. त्या तोडायच्या झाल्या तर कोळसा आधी मोटारीला द्यावा, मग बाजारात न्यावा.

आता मोटार. हिच्याबद्दल नीट सांगितल्याशिवाय पुढची वाटणी कोणाला पटणार नाही, म्हणून आगट्यांनी हात आखडू नये.

पहिल्या लढाईत मी बसऱ्याला लष्कराच्या लॉऱ्या हाकल्या. परत आल्यावर जुनी अमेरिकन मोटार घेतली आणि म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, सातारा अशी रोजची फेरी सुरू केली. तेव्हा पेट्रोलचे कोणी नाव काढत नसे. पंचमीला लेक आणायची असली, दुखणाइताला मोठ्या डॉक्टरकडे न्यायचे असले, शाळेतल्या पोराला भाकरी पोचवायची असली, की लोक वेशीवर येऊन उभे राहत. मग ही दुसरी लढाई आली. पेट्रोलला कुपन आले, कुपनावर मिळेना झाले, आणि चोरून मिळायचे ते इतके महाग की ऐकूनच माणूस पायी निघायचा. तालुक्यातल्या मोटारी एकेक करून बसल्या. कोंबड्या त्यांत अंडी घालू लागल्या. एका बागाइतदाराने तर आपल्या मोटारीचे इंजिन काढून पुढे बैल जुंपले आणि आत कोट घालून बसला. मी त्याला रस्त्यात ओलांडून गेलो आणि भोंगाही वाजवला.

मी मोटारीच्या पाठीशी कोळशाचा बंब बसवला. न्हाणीतल्या बंबासारखाच, फक्त माणसाएवढा उंच. त्यात कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवायचा, धूर सुटून गॅस धरला की तो नळीने इंजिनात जातो आणि मोटार चालते. पण चालते म्हणजे कशी, पेट्रोलवर जी घोडी होती ती कोळशावर म्हैस झाली. सपाटीला ठीक. दहिवडीच्या अलीकडच्या टेकाडाचा चढ, जाताना असो की येताना, लागला की दम तोडायची. मग मी हाक द्यायचो, "उतरा." सगळ्यांनी उतरायचे, धडधाकट असतील त्यांनी मागून रेटायचे. म्हाताऱ्या, पोटुशी बायका आणि कडेवरची पोरे बसून. बाकी कोणाला सूट नाही. त्या चढाला आता लोक 'उतराचा चढ' म्हणतात. हे नाव माझ्या तोंडचे आहे याचा मला अभिमान आहे.

त्रेचाळीस साली माझी मुलगी बनुबाई हिचे लग्न पुसेगावच्या बाजूच्या फडतऱ्यांच्या अर्जुनाशी ठरले. वऱ्हाड मी माझ्या मोटारीने आणायचे होते. नवऱ्याचे चुलते हरिबा यांनी निरोप धाडला की नवरदेव कोळशाच्या मोटारीत बसणार नाही, पेट्रोलची आणा, आमच्या पटक्यांवर काजळी बसेल. मी उलट निरोप दिला की लेकीच्या लग्नात चोरीचे पेट्रोल जाळून मी तुरुंगात अक्षता टाकायला बसणार नाही. वऱ्हाड बसले. कुरकुरत बसले, पण बसले.

चढ लागला. मोटार धापा टाकायला लागली आणि मी सवयीने हाक दिली, "उतरा."

इथे घोटाळा झाला. आमच्याकडे नवरदेव वेशीवर आला की सासऱ्याने 'उतरा' म्हणायचे, आणि नवरदेवाने रुसून बसायचे. हातात काही मान पडल्याशिवाय त्याने पाय खाली टाकायचा नाही. मी डायव्हर म्हणून बोललो आणि त्यांनी ते सासऱ्याचे ऐकले. अर्जुना छाती काढून बसला. त्याच्याबरोबर सगळे पटकेवाले बसले. हरिबा म्हणाले, "आमचा नवरदेव मानाबिगर उतरत न्हाई. मनगटी घड्याळ पायजे."

घड्याळ माझ्या खिशातच होते. मांडवात द्यायला मीच हौसेने आणले होते. पण माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हणालो, "हरिबा, ही येस न्हवं, चढ हाय. हितं सासरा बोलत न्हाई, डायवर बोलतुय. उतरा."

कोणी हलले नाही. तिकडे बंबातला विस्तव बसत चालला. मोटार हातभर मागे घसरली. तेवढ्यात मागच्या बाजूने एक पोरगा उडी मारून उतरला, चाकाखाली धोंडा सारला आणि कोणाला न विचारता पंखा फिरवायला लागला. तो जोतीराम, नवऱ्याचाच चुलतभाऊ, बाप नसलेला. त्याच्या पाठोपाठ त्याची आई हरणाबाई उतरली. तिला मी म्हणालो की म्हाताऱ्यांनी बसायचे असते. ती म्हणाली, मी म्हातारी कवा झाले ते तुमी ठरवू नका. मग पाचसहा जण उतरले आणि मोटार रेटू लागले. हरिबांनी रागारागाने नवरदेवाला उतरवले, पण रेटायला नव्हे. वाटेने एक बैलगाडी चालली होती, तिच्यात घालून ते त्याला परत घेऊन गेले. पटकेवाले पायी मागोमाग गेले.

मी नवऱ्याशिवाय मांडवात पोचलो. रंगूबाईने डोक्याला हात लावला. भावकी म्हणाली, घड्याळ खिशात असून पोरीचं वाटोळं केलंस. मला तेव्हा रडू आले, हे लिहायला लाज नाही. पण बनू हळदीच्या अंगाने बाहेर आली आणि सगळ्यांच्या देखत विचारले, "आबा, चढावर उतरलं कोन?"

मी जोतीरामकडे बोट केले. तो काजळीने नखशिखांत काळा झाला होता, फक्त डोळे दिसत होते.

"मग मला ह्योच पायजे," बनू म्हणाली.

हरणाबाईला विचारले. ती म्हणाली, "माजी ना न्हाई. फकस्त पोराचं त्वांड धुवू द्या."

गोरज मुहूर्तावर लग्न लागले. मी जोतीरामच्या हातात घड्याळ ठेवायला गेलो. तो म्हणाला, "घड्याळ नको, मामा. चढ झाला न्हवं?" ते घड्याळ आजतागायत माझ्याकडे आहे.

तेव्हापासून जोतीराम माझ्याबरोबर पाळीपाळीने मोटार चालवतो आणि बनू बंब सांभाळते. कोंबडा आरवला की ती राख काढते, कोळसा भरते, पंखा फिरवते. कोळसा मिळेना तेव्हा तिने एक युक्ती काढली. ज्या बाईकडे तिकिटाला पैसा नाही तिने पाटीभर बाभळीचा कोळसा आणावा आणि बसावे. गाव हसले. पण मोटार एक दिवस थांबली नाही.

आता आकाराम. माझा पोटचा, हुशार, साताऱ्याला कचेरीत कारकून. त्याच्या शिक्षणाचा मला गर्व आहे. पण तो माझ्या मोटारीने येतो तेव्हा पुढे बसतो, पांढरे धोतर सावरतो, आणि चढ आला की वर्तमानपत्र उघडतो. मी 'उतरा' म्हणतो, सगळी मोटार उतरते, मालकाचा मुलगा वाचत बसतो. मी आजवर त्याला काही बोललो नाही. आज लिहितो आहे.

लढाई संपली. पेट्रोल थोडे सुटले, पण भाव खाली आला नाही, येईल असेही दिसत नाही. आकारामचे म्हणणे असे की बंब काढून टाकावा, पेट्रोलवर मोटार चालवावी, भाडे वाढवावे, आणि फक्त बाजाराच्या दिवशी फेरी करावी. नाहीतर एखाद्या साताऱ्याच्या कंपनीला परमिटासकट विकून टाकावी. हिशेबाने त्याचे बरोबर आहे. आणि मोटार बनूच्या नावे केली तर लोक काय म्हणतील, हेही त्याने मला विचारले.

लोक काय म्हणतील ते मी सांगतो. पेट्रोल महागले की भाडे वाढते, आणि भाडे वाढले की घरात पहिल्यांदा कोणाला सांगतात, तू राहू दे? पुरुषाला नाही. त्याचे काम असते. बाईला सांगतात. पंचमीची लेक येत नाही, आजारी आईला भेटायला कोणी जात नाही. आमची सुलाबाई, तिचा मुलगा इटलीत लढाईत पडला, ती पेन्शनीसाठी साताऱ्याला जाते ती पाटीभर कोळशावर. भाडे वाढले तर ती पायी निघेल आणि दहिवडीच्या पुढे जाणार नाही. महागाईसुद्धा 'उतरा' म्हणते, पण तिच्या हाकेला बायकाच उतरतात. माझ्या हाकेला सगळ्यांनी उतरायचे असते. माझ्या मोटारीत आणि महागाईत हाच फरक आहे.

सबब कलम तिसरे. सर्व्हिस मोटार, तिचा बंब, परमिट, आणि शेडीतले सगळे सामान हे माझ्या मुलीचे, सौ. बनुबाई जोतीराम फडतरे हिचे, तिच्या एकटीच्या नावे. जॅक, पाने आणि माझी बसऱ्याची चामडी पिशवी जोतीरामची. पेट्रोल गरिबाच्या आवाक्यात येईपर्यंत बंब काढू नये. फेरी रोजची. पाटीभर कोळसा हे तिकीट समजावे. सरकार पुढे मोटारी आपल्याकडे घेणार अशी बोलवा आहे. घेईल तेव्हा घेईल, तोवर कोणी वेशीवर ताटकळत राहू नये.

कलम चौथे, जुन्या भांडणाबद्दल. हरिबा फडतरे वारले, त्यांच्याशी माझे भांडण मिटले. अर्जुनाशी केव्हाच मिटले. त्याने पुढे लग्न केले, दोन पोरे आहेत, आणि हल्ली दर आठवड्याला माझ्याच मोटारीने म्हसवडच्या बाजाराला येतो. चढ दिसला की मी हाक द्यायच्या आधी तो खाली असतो. म्हणून या कागदावर साक्ष त्याचीच घेतली आहे. न उतरण्यात काय जाते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

कलम पाचवे, माझ्या शेवटच्या फेरीबद्दल. मला खांद्यावर नेऊ नये. माझ्या मोटारीत, पुढच्या बाकावर नीट बांधून न्यावे. बंब बनूने पेटवावा, बाईने मसणात जाऊ नये असे कोणी म्हटले तर त्याला सांगावे की तिच्यावाचून मोटार निघत नाही. स्मशानाच्या वाटेवर ओढ्यापलीकडे चढ आहे. तिथे मोटार दम तोडणार. जोतीरामने हाक द्यावी आणि सगळ्यांनी उतरून रेटावे. मी तेवढा बसून राहीन. जन्मभर दुसऱ्यांना उतरवले, त्या दिवशी मी उतरणार नाही, आणि त्यासाठी मला कोणाचा मानही नको.

राहिले घड्याळ. ते आकारामला. पण मान म्हणून नव्हे. बसून राहणाऱ्याला मान द्यायचा ही आपली रीत आहे, ती मी उलटी करतो आहे. ज्या दिवशी तो चढावर स्वतःहून उतरेल त्या दिवशी बनूने ते त्याच्या मनगटावर बांधावे. त्याने माझ्यामागे कोर्टात जाऊ नये एवढेच मला हवे आहे. धाक घालत नाही. तो आत्ता पडवीत बसला आहे, हा कागद त्याला वाचायला देतो. खाली जागा ठेवली आहे. त्याने काही लिहिले तर लिहू द्यावे, न लिहिले तरी तो माझाच मुलगा आहे.

वाचून पाहिले, बरोबर आहे, माझ्या तोंडचे आहे.

मुक्काम म्हसवड, तारीख १४ डिसेंबर १९४६

सही: मानसिंग नाथाजी काटकर

साक्षी:
१. अर्जुना फडतरे (सही. उभ्यानेच केली.)
२. अण्णा म्हेत्रे, कोळसा करणारे (डाव्या अंगठ्याचा ठसा. शाई लावावी लागली नाही.)

लेखक: गोपाळकृष्ण आगटे, वाईकर

उतरतो. घड्याळ नको.
आकाराम मानसिंग काटकर