चांदणीचे केस

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या चांदणीच्या चंदेरी केसांची बट पोचली. आईने ती अख्ख्या गल्लीला दाखवली. माझ्या दोघा पोरांचे केस काळेभोर, त्यांच्याकडे कोण बघतंय! जळले मी, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी बट कामावर, आमच्या प्रयोगशाळेत नेली. तू तिच्या केसांना रंग लावलास की काय, ते पकडायचं होतं.

रंग नव्हता. पण सूक्ष्मदर्शकाखाली केसात रंगकणांचे मोठे गठ्ठे दिसले. पेशीत मालाच्या पिशव्या वेळेवर पोचतायत ना, हे बघणारं एक प्रथिन असतं, मुकादमच म्हण. तो नसला की रंग केसापर्यंत नीट पोचत नाही. रक्तातल्या राखणदार पेशींची हत्यारंही तोच पोचवतो. ती अडकली तर साधा ताप जिवावर बेततो. माझी चूकही असेल, पण पोरीची तपासणी लगेच कर.

लोभ आहेच, राग धरू नकोस.
तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. माझं लग्न ठरलं तेव्हा तुझं डोकं दुखलं. आता लेकीचं कौतुक बघवत नाही, म्हणून तिला रोग चिकटवतेस? पोर ठणठणीत आहे. पुन्हा असलं लिहू नकोस.

आईला नमस्कार.
धाकटी

१४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

जळते, कबूल. पण माझ्या जळण्याने केसात गठ्ठे होत नाहीत गं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेली केसाची काच सोबत पाठवते. कुणाही डॉक्टरला दाखव, माझं नाव सांगू नकोस. मी खोटी ठरले तर चारचौघांत माफी मागेन.

तुझीच,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला खोटं पाडायचं म्हणूनच तपासणी केली. अहवाल हातात घेऊन चारचौघांत नाक घासायला लावणार होते. रोग तोच निघाला. डॉक्टर म्हणाले, अशी मुलं ताप चढल्यावरच येतात, तुम्ही आधी कशा आलात? मी म्हटलं, "बहिणीवरच्या रागाने."

आता चांदणीची अस्थिमज्जा बदलायची आहे. तुझ्या पोरांना ताप येतो आणि तिसऱ्या दिवशी ती शाळेत जातात. ताई, मला त्याचा इतका हेवा वाटतो की तुझं तोंडही बघू नये असं वाटतं. तरी ये. कोणाची मज्जा जुळते ते बघायला नातेवाइकांची यादी मागितली होती. पहिलं नाव तुला न विचारताच तुझं लिहिलंय.

लोभाचं नंतर बघू, आधी नीघ.
तुझी धाकटी